मुफलिसाच्या मुठीतले रोमन नाणे

आपल्या बोलण्यात दोन शब्द सहज येतात. जुन्याला चिकटून बसणाऱ्या, नव्याला नाके मुरडणाऱ्या माणसाला आपण 'दकियानूसी' म्हणतो. ज्याच्या खिशात काहीच उरले नाही त्याला 'मुफलिस' म्हणतो. हे शब्द उर्दूचे, असे समजून आपण पुढे जातो. पण दोन्ही शब्दांची मुळे खणत गेलो तर आपण थेट रोमन साम्राज्यात पोहोचतो. दकियानूस हे रोमन सम्राट डेसियसचे अरबीत रुळलेले नाव आहे. आणि मुफलिस ज्या 'फल्स' या शब्दापासून निघाला, ते तांब्याचे नाणे म्हणजे रोमनांचे 'फॉलिस'.

रोमन नाणी म्हटली की डोळ्यांसमोर सोने येते. सोन्याची नाणी राजे, सावकार आणि व्यापारी यांच्या हातात फिरली. भाकरी, कांदा, दिव्याचे तेल घेणाऱ्या माणसाच्या मुठीत मात्र तांब्या-पितळेचा खुर्दाच असे. त्या माणसाने तवारीख लिहिली नाही आणि त्याच्याबद्दलही कोणी फारसे लिहिले नाही. त्याची साक्ष द्यायला ही नाणी तेवढी उरली आहेत. म्हणून ती गोळा कशी करावीत, ओळखावीत कशी आणि कोणती घेऊ नयेत, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम दकियानूसपासून सुरुवात करू. सूरह कहफ अनेक घरांत दर जुम्म्याला पढली जाते. गुहेत निजलेले तरुण जागे होतात, त्यांना भूक लागते, आणि आपल्यातल्या एकाला चांदीचे नाणे देऊन ते शहरात धाडतात. कुराणात राजाचे नाव नाही, शहराचेही नाही. ते तपशील मुफस्सिरांनी दिले, आणि त्याही आधी सिरियातील ख्रिस्ती लोकांत ही हकिकत सांगितली जात होती. त्या परंपरेत जुलमी राजा डेसियस (इ.स. 249 ते 251) आहे, तरुण जागे झाले तेव्हा गादीवर दुसरा थिओडोसियस (408 ते 450) आहे, आणि शहर आहे आजच्या तुर्कस्तानातले एफिसस. तरुण किती वर्षे निजले या हिशोबात आम्ही शिरत नाही. त्याचे उत्तर त्याच सूरेत अल्लाहवर सोपवलेले आहे. आमचे लक्ष जाते ते या परंपरेतल्या दुकानदाराकडे. तो नाणे हातात घेतो, त्यावरचा चेहरा पाहतो आणि विचारतो, हे तुला कुठे सापडले? नाणी ओळखण्याच्या विद्येतला हा पहिला आणि आजही सर्वांत महत्त्वाचा सवाल आहे.

दुकानदाराला इतक्या चटकन संशय का यावा, हे डेसियस आणि थिओडोसियस यांची तांब्याची नाणी शेजारी ठेवली की कळते. डेसियसने पितळेचे एक भलेमोठे, दुप्पट किमतीचे नाणे पाडले होते. ते साधारणपणे तीस ग्रॅमहून जड भरते आणि सारा तळवा व्यापते. दुसऱ्या थिओडोसियसच्या काळचे तांब्याचे नाणे जेमतेम एक ग्रॅमचे, करंगळीच्या नखाएवढे. मधल्या दोनशे वर्षांत गरिबाच्या पैशाचे काय झाले, ते ही दोन नाणी एक अक्षर न बोलता सांगतात.

आता ओळखण्याकडे वळू. सगळ्या रोमन खुर्द्याला 'ब्राँझ' म्हणण्याची रीत आहे, पण आपल्या कासाराला ते पटणार नाही. तांबे वेगळे, कासे वेगळे, पितळ वेगळे. सम्राट ऑगस्टसने इ.स. पूर्व 23 च्या सुमारास नाण्यांची जी घडी बसवली, तिच्यात सेस्टर्टियस आणि दुपोंडियस ही नाणी पितळेची होती, तर आस हे नाणे तांब्याचे. चार आस म्हणजे एक सेस्टर्टियस, आणि चार सेस्टर्टियस म्हणजे चांदीचा एक दिनारियस. सेस्टर्टियस सुमारे 25 ग्रॅमचा असल्याने चटकन ओळखू येतो. दुपोंडियस आणि आस मात्र आकाराने जवळजवळ सारखे, आणि जमिनीत राहून दोन्ही हिरवट-काळे झालेले. मग त्यांच्यात फरक कसा करायचा? सम्राटाच्या डोक्याकडे पाहायचे. नीरोच्या काळापासून दुपोंडियसवर बहुधा सम्राटाला सूर्यकिरणांसारख्या टोकदार पात्यांचा मुकुट दिसतो, तर आसवर पानांची माळ किंवा उघडे डोके. किरणांचा मुकुट म्हणजे दुप्पट किंमत, ही खूण पुढेही चालू राहिली. डेसियसच्या त्या मोठ्या नाण्यावरही हाच मुकुट आहे.

डोक्यावरून काळही ठरतो. पहिल्या तीन शतकांत पानांची माळ किंवा किरणांचा मुकुट असतो. चौथ्या शतकात, कॉन्स्टंटाइनच्या उत्तरार्धापासून, मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी दिसू लागते. चेहऱ्याभोवतीच्या अक्षरांतही तसाच फरक पडतो. आधीच्या नाण्यांवर सुरुवातीला 'इंपेरातोर' या पदवीची पहिली तीन अक्षरे असतात. चौथ्या शतकात त्यांच्या जागी 'डी.एन.' ही दोन अक्षरे येतात. त्यांचा अर्थ 'आमचे मालक'. सेनापती म्हणवून घेणारा राजा मालक म्हणवून घेऊ लागला, हा बदल ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्याही हातात रोज पडत होता. सुरुवातीच्या दोन-तीन शतकांत सम्राटाच्या अधिकाराचे कितवे वर्ष आणि कितव्यांदा कॉन्सल, हे आकडेही अनेक नाण्यांवर असतात. ते वाचता आले तर नाणे वर्षापर्यंत नेमके सांगता येते.

मग नाणे उलटावे. छाप्याच्या बाजूला राजा असला, तर काट्याच्या बाजूला त्याची जाहिरात असते. पहिल्या तीन शतकांत तेथे बहुधा 'एस.सी.' ही मोठी अक्षरे दिसतात. सिनेटच्या ठरावाने, असा त्यांचा अर्थ. पुढच्या काळात चित्र आणि घोषवाक्य यांवरच ओळख चालते. दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये दोन निशाणे असतील तर नाणे साधारणपणे 330 ते 335 मधले. निशाण एकच असेल तर 335 नंतरच्या काही वर्षांतले. दोन बाळांना दूध पाजणारी लांडगी असेल तर ते रोम शहराच्या गौरवाचे नाणे. घोड्यावरून खाली पडणाऱ्या स्वाराला भाला मारणारा सैनिक असेल, तर ते 348 साली सुरू झालेल्या नाण्यांपैकी एक. त्यावर लिहिलेले असते की सुखाचे दिवस परत आले. आणि हे नाणे दहा-बारा वर्षांत आकसत आकसत मूळच्या निम्म्याहूनही कमी झाले. सुखाच्या दिवसांची घोषणा तीच राहिली, धातू तेवढा निघून गेला. असली घोषणा ओळखायला आपल्या वाचकांना लॅटिन यायची गरज नाही.

सर्वांत खाली, चित्राच्या पायाशी, एक रेघ असते आणि रेघेखाली काही बारीक अक्षरे. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून तेथे टांकसाळीचे नाव येऊ लागते. नवखा माणूस चेहऱ्यात गुंततो. जाणकार आधी ही रेघ पाहतो. 'एस.एम.' म्हणजे पवित्र टांकसाळ, आणि त्यापुढे शहराची आद्याक्षरे. 'ए.एन.टी.' असेल तर अंताकिया. 'ए.एल.ई.' असेल तर इस्कंदरिया. 'सी.ओ.एन.एस.' असेल तर कुस्तुंतुनिया. पश्चिमेकडच्या ट्रिअर, लियोन, रोम यांच्याही अशाच खुणा आहेत. शेवटी एखादे ग्रीक किंवा लॅटिन अक्षर टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक सांगते. म्हणजे मालात काही खोट निघाली तर कोणत्या भट्टीला जाब विचारायचा, याचीही सोय होती.

ही सगळी माहिती जुळवायला 'रोमन इंपीरियल कॉइनेज' हा इंग्रजी ग्रंथ वापरतात. त्याचा पहिला खंड 1923 साली निघाला आणि दहावा 1994 साली. त्याच क्रमांकांवर आधारलेली सूची न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आहे. पूर्वी ज्या कामासाठी मुंबईच्या ग्रंथालयात खेटे घालावे लागत, ते आता मिरज किंवा महाडच्या मुलालाही घरबसल्या करता येते.

या खुर्द्यात अरब माणसेही भेटतात. डेसियस गादीवर आला तो फिलिप या सम्राटाचा पाडाव करून, आणि त्या फिलिपला इतिहासात 'अरब फिलिप' म्हणतात. तो सिरियातील आजच्या शहबा गावचा. रोम शहराच्या स्थापनेला हजार वर्षे झाली तो 248 सालचा उत्सव त्याच्याच कारकिर्दीत झाला, आणि त्या निमित्ताने सिंह, हरीण, लांडगी अशी चित्रे असलेली नाणी पाडली गेली. पुढे वीस-बावीस वर्षांनी तदमूरची, म्हणजे पाल्मिराची, राणी जेनोबिया हिच्या मुलाचे नाव अंताकियाच्या नाण्यांवर आले. मुलाचे नाव वहबल्लात, म्हणजे लात या देवीची देणगी. आधी एका बाजूला सम्राट ऑरेलियन आणि दुसऱ्या बाजूला हा अरब मुलगा. नंतर, 272 मध्ये, एकटा मुलगा, तोही सम्राटाची पदवी लावून. बंड केव्हा उघड झाले ते नाण्यावर वाचता येते. ही नाणी नावाला चांदीची होती. असले नाणे 215 साली निघाले तेव्हा त्यात निम्म्याच्या आसपास चांदी होती. 270 च्या सुमारास रोमच्या नाण्यांत ती शेकडा पाचांहूनही कमी उरली होती. वर चांदीचा मुलामा, आत तांबे. सैन्याचा पगार भागवायला सरकार नाणे पातळ करत गेले, भाव चढत गेले, आणि 301 साली डायोक्लेशियनला फर्मान काढून शेकडो वस्तूंचे कमाल भाव ठरवावे लागले. फर्मानाने भाव उतरले नाहीत.

आता मुफलिसाकडे येऊ. इ.स. 498 मध्ये कुस्तुंतुनियाचा सम्राट अनास्तासियस याने चिमुकल्या नाण्यांना कंटाळलेल्या लोकांसाठी तांब्याचे मोठे नाणे काढले. चाळीस लहान नाण्यांची त्याची किंमत, म्हणून काट्याच्या बाजूला 'एम' हे मोठे अक्षर; ग्रीक मोजणीत 'एम' म्हणजे चाळीस. यालाच फॉलिस म्हणत. मूळ लॅटिनमध्ये फॉलिस म्हणजे कातडी पिशवी, नाण्यांची थैली. अरबांनी त्याचे 'फल्स' केले, अनेकवचन 'फुलूस'. ज्याचे दिरहम जाऊन फुलूस तेवढे राहिले तो मुफलिस, अशी या शब्दाची फोड कोशकार करतात. मुफलिस कोण, हा सवाल हदीसमध्ये रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी सहाबांना विचारल्याचे आपण वाचतो. रोमन तांब्यावरून निघालेला हा शब्द अरबी भाषेत इतका मुरलेला होता.

636 मध्ये यर्मूकची लढाई झाली आणि सिरिया मुसलमानांच्या हाती आला. राज्य बदलले की नाणे बदलते, असा आपला समज असतो. येथे तसे घडले नाही. बाजार चालू राहिला, आणि त्याबरोबर 'एम' अक्षराचा फॉलिसही. पुढील काही दशकांत दिमश्क आणि हिम्स येथे जी तांब्याची नाणी निघाली, त्यांवर बायझंटाइन सम्राटाचे चित्र आहे, मागे 'एम' आहे, शहराचे नाव ग्रीक आणि अरबी दोन्ही लिप्यांत आहे. सोबत 'तय्यिब' किंवा 'जाइज' असा शब्द: नाणे चांगले आहे, चालणारे आहे. मग उमवी खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळात, 693 नंतर, तलवार कमरेला लावून उभा असलेला खलिफा नाण्यावर दिसतो. हिजरी 77 मध्ये, म्हणजे 696-97 साली, केवळ अक्षरांचा सोन्याचा दिनार निघाला, पाठोपाठ दिरहम, आणि तांब्याचे फल्सही चित्रांऐवजी अक्षरांचे झाले. साठेक वर्षांचा हा बदल आहे. एका दिवसात, एका हुकमाने तो झाला नाही. ज्यांना इतिहास म्हणजे एकाने दुसऱ्याला पुसून टाकणे एवढेच वाटते, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांनी दिमश्कचा हा दुभाषी खुर्दा एकदा पाहावा.

फुलूसचा प्रवास तेथेच थांबला नाही. अकबराच्या तांब्याच्या नाण्यांवर 'फुलूस' हा शब्द फारसी अक्षरांत कोरलेला आहे. रत्नागिरी-रायगडची जी मुले कुवेत, बहरीन, दुबईत कमावतात, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर तो आजही आहे. कुवेतचा एक दिनार म्हणजे हजार फिल्स, अमिरातीचा एक दिरहम म्हणजे शंभर फिल्स. दिनार रोमच्या दिनारियसपासून, दिरहम ग्रीकांच्या द्राख्मापासून, फिल्स फॉलिसपासून. यातले दिनार आणि दिरहम हे दोन शब्द कुराणातही आलेले आहेत.

खुद्द रोमन नाणीही भारतात आली. सोन्या-चांदीची पुष्कळ आली. चौथ्या-पाचव्या शतकातला तांब्याचा बारीक खुर्दा तमिळनाडूत करूर आणि मदुराईकडे, तसाच श्रीलंकेत, मोठ्या संख्येने सापडला आहे. महाराष्ट्रात तेर येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत. अशा काही नकलांना अडकवायला भोक किंवा कडी असते. त्या दागिना म्हणून वापरत असावेत. पुतळ्यांची माळ ज्यांच्या घरात आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. परदेशी नाणे आपल्या बायकांच्या गळ्यात शोभिवंत होण्याची रीत जुनीच आहे.

आता गोळा करण्याविषयी. चौथ्या शतकातली झिजलेली तांब्याची नाणी परदेशी बाजारात इतकी आहेत की ती मूठमुठीने, न धुतलेली, मातीसकट विकली जातात. नवशिक्याला त्याची मोठी भूल पडते. येथे दोन गोष्टी सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

पहिली साधी आहे. तांब्याचा हंडा आपण चिंचेने घासून लखलखीत करतो. नाणे तसे कधीही घासू नये. त्यावरची हिरवी-तपकिरी साय म्हणजे शतकांनी दिलेले कवच. चिंच, लिंबू, आम्ल लागले की कवचासकट अक्षरेही जातात. शुद्ध केलेल्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवून माती मऊ करणे एवढेच नवख्याने करावे. फिकट हिरवी भुकटी पडू लागली तर ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवावे. तो धातूचा रोग आहे.

दुसरी गोष्ट दुकानदाराच्या सवालाची: हे कुठे सापडले? 1900 साली फ्रान्समध्ये नांतजवळ सापडलेल्या नाण्यांत डोमिशियानस नावाच्या सम्राटाचे एक नाणे होते. असा सम्राट होऊन गेल्याचा पक्का पुरावा नव्हता, म्हणून अनेक विद्वानांनी ते बनावट ठरवले. 2003 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या चालग्रोव्ह येथे सुमारे पाच हजार नाण्यांचा एक घट सापडला. सापडणाऱ्याने तो रीतसर कळवला, आणि म्युझियमच्या लोकांना त्यात त्याच डोमिशियानसचे, त्याच ठशांनी पाडलेले दुसरे नाणे मिळाले. 271 च्या सुमारास काही दिवस का होईना, गादीवर हक्क सांगणारा माणूस खरा ठरला. ते नाणे घटातून निघाले, हे ठाऊक असल्यामुळेच त्याची साक्ष मानली गेली. 2010 साली इंग्लंडमध्येच फ्रोम येथे 52,503 नाण्यांचा रांजण मिळाला. सापडणाऱ्याने हात आवरला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी रांजण थराथराने उपसला. सर्वांत अलीकडच्या राजाची नाणी वर असतील अशी अपेक्षा होती; ती पुष्कळशी खोल निघाली. म्हणजे हा वर्षानुवर्षे साठवलेला गल्ला नसून एकाच वेळी भरलेला रांजण असावा. उकरून पिशवीत भरला असता तर हे कधीच कळले नसते.

याच्या उलट सिरियाकडे पाहा. अफामिया हे प्राचीन शहर 2011 च्या उन्हाळ्यात आकाशातून काढलेल्या छायाचित्रात शाबूत दिसते. 2012 च्या छायाचित्रात तेथे हजारो खड्डे आहेत. युद्धाच्या धुमाकुळात चोरट्यांनी ते खणले. अशा खड्ड्यांतला खुर्दा चार दलाल फिरून कोणत्या पिशवीत जातो ते सांगता येत नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने सिरियातून चोरीस गेलेल्या पुरावस्तूंच्या व्यापारावर बंदी घालण्यास सर्व देशांना सांगितले. पण बंदीपेक्षा गिऱ्हाइकाची नियत मोठी. ज्या मुलखातल्या मशिदी आणि बाजार उद्ध्वस्त झाल्याचे दुःख आपण करतो, त्याच मुलखाची जमीन पोखरणाऱ्याला आपल्या शंभर रुपयांनी उत्तेजन मिळू नये.

आपल्याकडचा कायदाही स्पष्ट आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी नेता येत नाही. नांगराला लागलेले नाणे मोडीत घालण्याने घरात दोन पैसे येतील, पण गावाचा एक पुरावा कायमचा वितळेल.

म्हणून नाणी गोळा करणाऱ्याने प्रत्येक नाण्यासाठी एक लहानसे पाकीट करावे. वजन, व्यास, छाप्याची अक्षरे, काट्याचे चित्र, रेघेखालची टांकसाळ हे सारे त्यावर लिहावे. आणि या सर्वांच्या वर लिहावे: कोणाकडून घेतले, कोणत्या तारखेला, आणि त्याच्याकडे ते कुठून आले. हा शेवटचा रकाना ज्या नाण्यासाठी भरता येत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ज्या माणसाने त्याने एके काळी भाकरी विकत घेतली, त्याची हकिकत सांगणारे बहुधा दुसरे कोणीच नाही.